ठकीचं पोट

ठकीने बशी पुढे सरकवून हात पोटावर ठेवला, तेव्हा त्याने आधी घड्याळाकडे पाहिलं. ही सवय धंद्याची. माणूस तक्रार करायला लागला की आधी वेळ बघायची, मग त्याचे हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, कारण चेहरा माणसं घरून तयार करून आणतात. रविवारची दुपार होती. बटाटे अर्धे खाल्ले होते, अंडं नुसतंच चिवडलं होतं. दुखतंय, ती म्हणाली. कुठे, असं त्याने विचारल्यावर तिने बरगड्यांच्या खाली मधोमध बोट ठेवलं. मागच्या रविवारी ते बोट किंचित डावीकडे होतं. हे त्याच्या लक्षात होतं, कारण असल्या गोष्टी लक्षात ठेवण्याचाच त्याला पगार मिळायचा. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. जळालेली दुकानं, पाणी शिरलेली तळघरं, ठोकलेल्या गाड्या बघायला जायचं आणि माणसं रडून जे सांगतात त्यातलं खरं किती ते ठरवायचं. बहुतेक वेळा फार थोडं असायचं. इतक्या वर्षांत त्याचं मत असं झालं होतं की माणूस गरज पडते म्हणून खोटं बोलत नाही, बोलता येतं म्हणून बोलतो, आणि तेही त्याला धड येत नाही. पाईप फुटून गालिचा भिजला म्हणणाऱ्या बाईने गालिच्याची खालची बाजू कोरडी ठेवलेली असते. चोरी झाली म्हणणाऱ्याने खिडकीची काच आतून फोडलेली असते. अशांचा राग येण्याचे दिवस केव्हाच सरले होते. आता नुसती शिसारी उरली होती, आणि ती त्याला पुरत होती.

ठकी हे नाव त्यानेच ठेवलेलं. तान्ही असताना ती लाकडी बाहुलीसारखी ताठ पडून राहायची आणि टक लावून बघायची. आता ती दहा वर्षांची होती, आईकडे राहायची आणि रविवारी त्याच्याकडे, बापाकडे, यायची. गेले काही महिने तिचं पोट दुखत होतं. दुखायचं ते बरोबर त्याच्याकडे, जेवणाच्या मध्यावर, आणि दुखायला लागलं की ती घरी सोड म्हणायची. ह्यात अवघड काय होतं? तिच्या आईला रविवार कापून हवे होते, आणि तिने मुलीला धडा पढवून पाठवला होता. तो धडाही आईसारखाच, कल्पनाशक्ती नसलेला. पोटदुखी. शाळा बुडवणाऱ्या प्रत्येक मुलाने वापरून वापरून झिजवलेली गोष्ट. निदान कान दुखतोय म्हणायचं, आई श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासते, माहिती तरी पक्की मिळाली असती. "पुरे झालं नाटक," तो म्हणाला. "खा." ठकीने चमचा उचलला आणि आणखी दोन घास खाल्ले. त्याला बरं वाटलं. ज्याचं खरंच दुखतं तो इतक्या लवकर ऐकत नाही, असा त्याचा अनुभव होता.

त्या दुपारी त्याला एक जळालेलं गोदाम बघायचं होतं. गाद्यांचं गोदाम. मालकाने ढिगारा उपसायच्या आत बघणं भाग होतं, म्हणून रविवार असूनही तो ठकीला घेऊन निघाला. वाटेत ती खिडकीला कपाळ टेकून बसली. गाल पांढुरके दिसत होते. घरात कोंडून ठेवतात, त्याने मनात नोंद केली, आणि मग आठवलं की घरात कोंडणं शक्यच नाही, कारण तिथे बेडूक आहे. बेडूक म्हणजे तिच्या आईचा नवरा. तो पोहणं शिकवायचा. ठकी आधी त्याची शिष्या होती, मग त्याच्या घरात राहायला गेली, आणि अजूनही त्याला सर म्हणायची. सर, मीठ द्या. सर, माझी चप्पल कुठाय. हे ठकीने एकदा सहज सांगितलं होतं आणि तो आठवडाभर मनातल्या मनात हसला होता. सावत्र बापाला सर. बेडकाचे खांदे रुंद होते, पायांची बोटं पसरलेली होती, आणि अर्धा दिवस पाण्यात काढल्यामुळे त्याच्या डोक्यात पाणीच भरलंय असं कुणालाही वाटलं असतं. सगळ्यांशी हसून बोलायचा. तिच्या आईने त्याला सोडून ह्या माणसाकडे जावं ह्यात अपमान होता तो जाण्याचा नव्हता, निवडीचा होता. आपल्यापेक्षा हुशार माणूस तिने शोधला असता तर त्याने समजून घेतलं असतं.

गोदामात जळक्या फोमचा वास नाकात चिकटत होता. मालक जाडजूड होता, केस काळेभोर रंगवलेले, हातात अंगठ्या, अंगात चकचकीत शर्ट. तो दारातच रडायला लागला. बापाने उभं केलेलं गोदाम, साहेब, डोळ्यांसमोर गेलं. त्याने मान डोलावली आणि कोपरे बघितले. आग एका वेळी दोन कोपऱ्यांत लागली होती, आणि दोन्ही कोपऱ्यांमधली जमीन स्वच्छ होती. पाहणी तिथेच संपली होती, पण समोरच्याला बोलू द्यायचं असतं, म्हणून तो बोलू देत होता. वायर जुनी होती, उंदीर फार झाले होते, शेजारचा दुष्ट होता. मालक एकेक कारण काढून त्याच्यासमोर ठेवत होता आणि ह्याचं तोंड बघून पुढचं काढत होता. ठकी एका न जळलेल्या स्टुलावर बसली होती. मग स्टूल पडल्याचा आवाज झाला. तो वळला तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि तिच्यासमोरच्या फरशीवर काहीतरी काळपट तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखं, सांडलं होतं. त्याला पहिल्यांदा वाटलं, काजळी. हिने काजळीत हात घातला. मग ती पुन्हा ओकली. तो तिथे मोबाईल हातात धरून उभा होता. कोपऱ्याचा फोटो काढायचा होता. पुढचं जे झालं ते त्याने नंतर अनेकदा आठवून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यात तो उभाच असायचा. मालक धावला. त्याने ठकीला उचलून छातीशी धरलं, कुणाला तरी हाक मारून टेम्पो काढायला लावला आणि ह्याच्याकडे बघून ओरडला, "अहो, रक्त आहे ते. चला." टेम्पोत मालक पुढे बसला, ठकी त्याच्या मांडीवर, आणि हा मागे गाद्यांच्या रिकाम्या खोळींवर. मालकाच्या चकचकीत शर्टावर तो तपकिरी डाग वाळत गेला. हॉस्पिटलच्या बाकावर मालक संध्याकाळपर्यंत बसून राहिला, दोनदा चहा घेऊन आला, आणि जाताना ह्याचा खांदा दाबून गेला.

पुढे त्याने त्या मालकाचा क्लेम नाकारला. आग लावलेलीच होती. लावणाऱ्याने नंतर कबूलही केलं. माणूस स्वतःचं गोदाम जाळू शकतो आणि दुसऱ्याचं मूल छातीशी धरून धावू शकतो, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्याला त्यातून कसलाही बोध झाला नाही. फक्त चीड आली. लबाड माणसाने लबाडच राहावं. उगाच घोळ घालू नये.

दुसऱ्या दिवशी ठकीला गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासलं. डॉक्टर एक तरुण बाई होती, तिला सर्दी झाली होती, आणि ती बोलता बोलता रुमाल शोधत होती. मुलांच्या पोटाची डॉक्टर, आणि स्वतःचं नाक सांभाळता येत नाही, तो मनात म्हणाला. तोवर ठकीची आई आली होती, दुकानातल्या पांढऱ्या कोटातच, आणि तिच्या मागे बेडूक. केस ओले, गळ्यात शिट्टी, अंगाला तलावातल्या पाण्याच्या औषधाचा वास. ठकी जागी झाल्यावर डॉक्टर तिच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने विचारलं, पोट कधीपासून दुखतंय? साधा प्रश्न होता. ठकीने उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. आईकडे नाही, बेडकाकडे नाही, त्याच्याकडे. "कधीकधीच," ती म्हणाली. "जास्त नाही." डॉक्टरने विचारलं, रात्री उठतेस का दुखून? पुन्हा तो कटाक्ष. "एखाद्या वेळी." हा कटाक्ष त्याच्या ओळखीचा होता. ज्याचा क्लेम एकदा नाकारला जातो, तो माणूस पुढच्या वेळी येतो तेव्हा असाच बघतो. त्याचं नुकसान तेवढंच असतं, कदाचित जास्तही असतं, पण तो कमी मागतो. समोरचा किती देईल ह्याचा अंदाज घेऊन तेवढंच नुकसान झालं म्हणून सांगतो. ही गोष्ट तो ऑफिसात नव्या पोरांना शिकवायचा. ह्याचा उपयोग करून घ्यावा, असं सांगायचा.

बाहेर आल्यावर डॉक्टरने एका कागदाच्या पाठीवर जठराचं चित्र काढलं. ते पायमोज्यासारखं दिसत होतं. त्याच्या तळाशी तिने एक ठिपका काढला. इथे जखम आहे, अल्सर, त्यातून रक्त येत होतं. कारण एक जिवाणू आहे. तो जठराच्या अस्तरात घर करून राहतो, तिथल्या आम्लातही तगतो, आणि बहुतेकांच्या पोटात वर्षानुवर्षं मुकाट बसतो. काहींना मात्र जखम करतो. मुलांना तो बहुधा लहानपणीच लागतो, घरातल्या माणसांकडून. दोन जिवाणूनाशकं आणि आम्ल कमी करणारं एक औषध, दोन आठवडे, एकही गोळी न चुकवता. बरी होईल. तिची आई रडत होती. बेडकाने विचारलं, गोळ्या जेवणाआधी की नंतर, शाळेतून मधेच घरी आणावं लागेल का, पोहायला कधी नेऊ. त्याला हे प्रश्न नोकराचे वाटले. त्याने स्वतःचा एकच प्रश्न विचारला, "कुणाकडून लागला?" डॉक्टरने नाक पुसलं. ते सांगता येत नाही, ती म्हणाली, आणि शोधून फायदाही नाही, औषध महत्त्वाचं. त्याला तिची कीव आली. आग कुठून लागली हे ज्याला सांगता येत नाही त्याने आगीबद्दल बोलूच नये. त्याला स्वतःला उत्तर माहीत होतं. एका माणसाच्या अंगाला शंभर मुलांनी तोंड बुडवलेल्या पाण्याचा वास येत होता. तो म्हणाला, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. सगळ्यांची. डॉक्टर म्हणाली, सरसकट सगळ्यांची गरज नसते, ज्यांना त्रास आहे त्यांनी जरूर करावी. मग तिने त्याच्या जबड्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखी अॅसिडिटीची गोळी चघळत होता. "तुमचं हे किती वर्षं चाललंय?" तिने विचारलं. त्याने गोळी गिळली आणि म्हणाला, कामाचा ताण असतो.

शेवटी तिघांनीही तपासणी केली, त्याच्या हट्टापायी. त्यात एक औषध प्यायचं असतं, थोडा वेळ बसायचं असतं आणि मग एका पिशवीत फुंकायचं असतं. तीन शहाणी माणसं हॉस्पिटलच्या खोलीत ओळीने खुर्च्यांवर बसून पिशव्यांत फुंकत होती. बेडकाने एका श्वासात पिशवी टम्म फुगवली आणि नर्सने कौतुकाने बघितलं. छातीचा भाता, दुसरं काय असणार. तिची आई फुंकताना डोळे मिटायची, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतानाही मिटायची, हे त्याला आठवलं, आणि ते आपल्याला आठवावं ह्याचा राग आला. निकाल आले ते असे: बेडूक स्वच्छ. तिची आई आणि तो, दोघांच्याही पोटात तेच. डॉक्टरने फोनवर सांगितलं आणि गोळ्यांची नावं लिहून घ्यायला लावली. पहिलं त्याच्या मनात आलं ते हे, की बेडूक आता घरभर हसत फिरत असेल. मग कळलं की तसं काही होणार नाही, बेडकाच्या ते डोक्यातही येणार नाही, आणि हे जास्त असह्य होतं.

त्या रात्री त्याने उत्तर शोधायचा प्रयत्न केला, कारण त्याला दुसरं काही शोधता येत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे कान धड असलेला एकच कप होता, आणि तो कप दोघं आळीपाळीने वापरायची. तिने घोट घ्यायचा, त्याने घ्यायचा, कप टेबलावर टेकायचाच नाही. हे तेव्हा प्रेम वाटलं होतं. मग ठकी झाली. दात येत होते तेव्हा ती रात्र रात्र किंचाळायची, आणि त्याला एक युक्ती सापडली होती. सफरचंदाचा तुकडा आपण चावून मऊ करायचा आणि बोटाने तिच्या हिरडीवर लावायचा. ती शांत व्हायची. अंधारात खिडकीपाशी तो तिला खांद्यावर घेऊन उभा राहायचा, चावायचा, लावायचा, चावायचा, लावायचा, आणि ती त्याचं बोट चोखत झोपी जायची. त्याने आयुष्यात काही चांगलं केलं असेल तर तेवढंच, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं, आणि ते मत त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची आई त्यालाही असंच भरवायची म्हणे. तिच्या आईने तिला. तोंडातून तोंडात, वाडग्यातून वाडग्यात, कुठून कुठून चालत आलेली घराण्याची ठेव, आणि ती त्याने स्वतःच्या बोटाने पुढे दिली होती. किंवा दिलीही नसेल, ठकीच्या आईकडून आली असेल. डॉक्टरचं बरोबर होतं, कळायला मार्ग नव्हता. ती नाक गळणारी बाई बरोबर होती, ह्या विचाराने तो कुशीवर वळला.

गोळ्यांनी तोंडाला पितळेची चव यायची. सकाळ-संध्याकाळ बेडकाचा फोन. तो ह्या कामाला असा लागला होता जणू तिघांना शर्यतीत उतरवायचं आहे. "घेतलीत ना?" तो विचारायचा, आणि हा "हो" म्हणून ठेवायचा. एकदाही चुकवली नाही. चुकवली असती आणि त्या माणसाने समजूत काढली असती तर ते सहन झालं नसतं. एकदा बेडकाऐवजी तिची आई फोनवर आली. ठकीने घेतली, मी घेतली, तुझी झाली का, असं विचारून ती थांबली आणि म्हणाली, "काय भयंकर चव आहे रे तोंडाला. पाण्यालासुद्धा तीच." ती हसली. कित्येक वर्षांत दोघांची तक्रार एक असण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच्याही तोंडात तीच चव होती, अगदी तीच, आणि तो ते सांगणार होता. मग त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, ठकीला दे फोन.

औषधं संपली. मध्ये काही आठवडे गेले. फेरतपासणी व्हायची होती, पण ठकीचा रंग परतला होता, ती जेवत होती, आणि सगळे धरून चालले होते की झालं. एका रविवारी ती त्याच्याकडे आली आणि जेवताना गप्प होती. बशी संपवली. शेवटचा घास तिने पाण्याबरोबर गिळला, गोळी गिळावी तसा. त्याने विचारलं, "पोट ठीक आहे?" हा प्रश्न तो आता दर रविवारी विचारायचा, ठरवून, आणि दर वेळी तो प्रश्न चौकशीसारखाच ऐकू यायचा. "हो," ती म्हणाली, आणि पुस्तक घेऊन गॅलरीत गेली. थोड्या वेळाने तो चहा घेऊन तिकडे निघाला होता. दार लोटलेलं होतं. पलीकडून तिचा आवाज आला, फोनवरचा. "हो सर, दुखतंय. नाही, थोडं नाही. खूप. काल रात्रीपण." साधा, सरळ आवाज होता. त्यात रडणं नव्हतं, नाटक नव्हतं, अंदाज घेणं नव्हतं. इतक्या सरळ आवाजात तिने त्याला कधीपासून काही सांगितलं नव्हतं ते आठवायला तो कप हातात धरून उभा राहिला, आणि चहावर साय धरली. ती आत आली. "सर येतायत," ती म्हणाली, "माझी वही राहिली होती, ती द्यायला." खोटं तिला जमलं नाही. ती त्याच्या खांद्यापलीकडे बघून बोलली आणि नको तितकं सांगितलं. त्याने आयुष्यभर माणसं आपलं दुखणं फुगवून कशी सांगतात ते बघितलं होतं. लपवण्यासाठी इतकी धडपड करणारं माणूस त्याच्यासमोर आजवर आलं नव्हतं. तो बूट घालायला लागला. "तू कुठे निघालास?" तिने विचारलं. तो म्हणाला, मीही येतो.

बेडकाची गाडी जुनी होती आणि आत ओल्या टॉवेलांचा वास होता. ठकी पुढे बसली. तो मागे, पोहायच्या फळ्या आणि पायात घालायच्या रबरी पंखांच्या ढिगाशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. वही कुठे दिसत नव्हती, आणि कुणी तिचं नावही काढलं नाही. गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्यावर बेडूक म्हणाला, "आता सांग नीट." ठकी सांगायला लागली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. आधी जळजळतं, मग मुरगळल्यासारखं होतं, मग पाठीत जातं. खाल्लं की थोडा वेळ थांबतं, म्हणून ती रात्री उशाशी बिस्किटं ठेवते. शाळेत प्रार्थनेला उभं राहताना चक्कर येते तेव्हा ती पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत राहते. तो ऐकत होता. सवयीने तो खोट शोधत होता, कुठे सांधा निखळतोय, कुठे आधीचं नंतरच्याशी जुळत नाही. सगळं जुळत होतं. बेडकाने विचारलं, "बाबाला सांगितलंस का हे?" मूर्खपणाने विचारलं की मुद्दाम, हे त्याला ठरवता येईना. आरशात बेडकाचे नुसते डोळे दिसत होते आणि त्यांत काही नव्हतं.

"त्याला खोटं वाटतं," ठकी म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाबाला साखर चालत नाही असं पाहुण्यांना सांगावं, तसं तिने सांगितलं. गाडी सिग्नलला थांबली. शेजारच्या बसमधून एक माणूस खाली त्याच्याकडे बघत होता. काहीतरी तिखट बोलावं असं त्याच्या जिभेवर आलं, बेडकाबद्दल, ह्या गाडीबद्दल, सरांना सगळं कळतं ह्याबद्दल. ते वाक्य तयार होतं, चांगलं होतं, आणि त्याने ते तोंडात धरून ठेवलं. मग त्याने विचारलं, "रात्री दुखतं तेव्हा कुठल्या कुशीवर झोपतेस?" ठकी मागे वळली. तोच जुना कटाक्ष, हा किती देईल ते जोखणारा. "डाव्या," ती म्हणाली. "त्याने कमी होतं?" "होतं थोडं." ती पुन्हा समोर वळली. सिग्नल सुटला. बऱ्याच पुढे गेल्यावर, काचेकडे बघतच, ती म्हणाली, "नाही. होत नाही कमी."

जिवाणू गेलाच नव्हता. पहिल्या औषधांना तो दाद देत नव्हता, असं होतं म्हणे कधीकधी. ह्या वेळी डॉक्टरने आधी जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवला, कुठलं औषध लागू पडतं ते बघून नवीन गोळ्या दिल्या, मोठ्या आणि कडू. ठकीला त्या गिळताना उमासे यायचे. रविवारच्या गोळ्या त्याच्या वाट्याला होत्या. तो समोर बसायचा, ती पाणी तोंडात धरून डोळे फिरवायची, आणि तो काही न बोलता वाट बघायचा, हे त्याला सर्वांत कठीण जायचं. बेडकाचे फोन पुन्हा सुरू झाले होते. ह्या वेळी तो "हो" म्हणून लगेच ठेवत नव्हता. किती वाजता घेतली, उलटी झाली का, दुपारी काय खाल्लं, हे सांगायचा, आणि बेडूक "छान, छान" म्हणायचा, पोहता न येणाऱ्या माणसाने काठ सोडला की म्हणावं तसं. ते छान छान त्याच्या कानात दिवसभर वाजायचं. त्याचा आणि तिच्या आईचा निकाल पहिल्याच फेरीत स्वच्छ आला होता. ठकीचा दुसऱ्या फेरीनंतर आला. डॉक्टरची सर्दी तेव्हाही बरी झालेली नव्हती.

त्यानंतरचा हिवाळा नीट गेला. ठकी वाढली, बाह्या आखूड झाल्या, आणि बेडकाने तिला कुठल्यातरी स्पर्धेत उतरवलं, त्यात ती शेवटून दुसरी आली. मग एका रविवारी त्यांना त्याच्या मोठ्या बहिणीकडे जायचं होतं. ही ठकीची आत्या. ती ठकीला जवळ ओढून गाल चिमटायची, तुझी आई आता जाडी झाली का, ते काका तुला ओरडतात का, असं विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत हात सोडायची नाही. निघायची वेळ झाली. तो शर्टाची बटणं लावत बाहेरच्या खोलीत आला तर ठकी सोफ्यावर आडवी होती. "बाबा, पोट दुखतंय," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. हात बेंबीच्याही खाली होता, जिथे तिचं कधीच दुखलं नव्हतं. गाल लाल होते. टेबलावरची बशी चाटूनपुसून साफ होती. दुसऱ्या हाताचं बोट पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं, आणि ते पान सोडायला तयार नव्हतं. ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, अजिबात न चाचरता, मंजूर होणार ह्या खात्रीने. इतका वाईट बनाव त्याच्या उभ्या नोकरीत त्याच्यासमोर कुणी मांडला नव्हता. गाद्यांचा मालक ह्यापेक्षा शंभरपट बरा. तो फोनकडे गेला आणि बहिणीला म्हणाला, आम्ही येत नाही, ठकीचं पोट दुखतंय. बहीण म्हणाली, पुन्हा? अरे, आता तर बरी झाली होती ना, आईने पढवून पाठवलं असेल, तुला कळत कसं नाही, जगाचं खोटं पकडत फिरतोस तू. बहिणीचा आवाज, त्यातला तो शहाणपणा, ती सगळं ओळखून असल्याची ऐट, हे ऐकताना त्याला किळस आली, आणि तो आवाज फारच ओळखीचा होता. "दुखतंय तिचं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आत येऊन त्याने तिच्या पायांवर पांघरूण घातलं. ठकी वाचत होती. पोटावरचा हात केव्हाच घसरून बाजूला पडला होता. त्याची सावली पानावर पडल्यावर तिला आठवलं, आणि तिने तो उचलून परत ठेवला, आधीपेक्षा वर.

"जास्त दुखतंय का?" त्याने विचारलं.

"खूप," पान उलटत ती म्हणाली.